माजघराची जमीन

आमच्या मालवणच्या घरांतील माजघराची जमीन माझ्या आयुष्यांत तीन प्रकारची झाली. पहिली शेणानें सारवलेली, दुसरी तांबड्या कोब्याची आणि तिसरी लॅमिनेटच्या पट्ट्यांची. पहिली आजीच्या वेळची, दुसरी वडिलांनीं करविलेली आणि तिसरी माझ्या हौसेची. पहिल्या दोहोंनीं कोणास कधीं दगा दिल्याचें मला आठवत नाहीं. तिसरीनें मात्र पहिल्याच पावसाळ्यांत आईचें मनगट मोडलें, आणि त्याच्या आधीं माझ्याकडून घरांतील एका माणसावर धडधडीत अन्याय करविला. जमीन आतां दुरुस्त झाली आहे. अन्याय कितपत दुरुस्त झाला हें सांगणें माझ्या हातीं नाहीं. पण तो कसा घडला तें सांगणें माझें कर्तव्य आहे, आणि तें सांगतांना अशा जमिनीचे रोग कसे ओळखावे हेंही ओघानें येईल.

आमचें घर समुद्रापासून हांकेच्या अंतरावर आहे. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, वर मंगळुरी कौलें, पुढें खळें, मग पडवी, ओटी आणि तिच्या मागें माजघर. हें माजघर १२ फूट रुंद आणि २० फूट लांब आहे. घरांतील महत्त्वाच्या सर्व गोष्टी तेथेंच घडतात. पंक्ति तेथेंच बसतात, पाळणा तेथेंच हलतो, आजारी माणसाचें अंथरूण तेथेंच पडतें, आणि कोणाचें कोणाशीं बिनसलें तर अबोलाही तेथेंच धरिला जातो.

माझ्या लहानपणीं ही जमीन मातीची होती. माती चाळून, भिजवून, चोपण्यानें चोपून घट्ट करीत आणि वर शेणाचा हात फिरवीत. आजी व काकी दर आठवड्यास सारवीत. सणवार आला कीं मधेंच पुन्हां. त्या जमिनीचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात, पण सारवण्यासाठीं वांकलेल्या पाठी त्यांच्या नव्हत्या. तरी तिच्या अंगीं एक गुण होता, आणि तो मला फार उशिरां कळला. पावसाळ्यांत खालून ओल वर आली तरी ती अडून बसत नसे. जमीन थोडी ओलसर होई आणि वारा लागला कीं सुके. कोठें पोपडा सुटला तर पुढच्या सारवणांत तो बुजून जाई. दुखणें आणि औषध दोन्ही तिच्याजवळच होतीं.

१९८१ सालीं रत्नागिरींतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षीं दिवाळीनंतर वडिलांनीं माजघरांत कोबा घातला. तांबडा रंग घालून गवंड्यानें तो असा घोटला होता कीं, समईची ज्योत त्यांत दिसे. घरांतल्या बायकांच्या कमरांना सुटका मिळाली. ‘आतां पोरें पडलीं तर लागेल हो,’ एवढेंच आजी म्हणाली.

त्या कोब्यावर चाळीस वर्षें निघाली. आई आतां ८१ वर्षांची आहे व तिचे गुडघे धरलेले आहेत. घरीं दादा व वहिनी असतात. मी नोकरीनिमित्त पुण्यास राहिलों तो राहिलोंच. सणावारीं आणि मे महिन्यांत जातों. दूर राहणाऱ्या मुलाच्या प्रेमाला एक खोड असते. रोजची सेवा हातून होत नाहीं, म्हणून तो वर्षांतून एकदां एखादी मोठी वस्तु घरांत आणून टाकतो. आई एकदां फोनवर म्हणाली, ‘पावसांत जमीन गार लागते रे.’ एवढ्यावरून मीं ठरविलें कीं, माजघराला लांकडाची जमीन करावयाची.

खरें लांकूड परवडणारें नव्हतें, म्हणून लॅमिनेट. ज्यांनीं ही वस्तु जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. लांकडाचे बारीक तंतु राळेसारख्या रसायनाबरोबर दाबून त्यांची घट्ट फळी करतात. तिच्यावर लांकडाच्या रेषांचें चित्र असलेला कागद, आणि त्याच्यावर झीज सोसणारा पारदर्शक थर बसवितात. जाडी साधारण ८ मिलिमीटर. हल्लींच्या पट्ट्यांच्या कडांना खांचा असतात. त्या एकमेकींत अडकवीत जावयाचें. खिळा नाहीं, सरस नाहीं. सगळी जमीन जुन्या जमिनीवर नुसती सुटी पसरलेली असते. ही कल्पना १९७७ सालीं स्वीडनमध्यें पेर्स्टॉर्प नांवाच्या कंपनींत निघाली. तो देश थंड. हिवाळाभर तेथें घरें तापवितात आणि आंतली हवा कोरडी ठेवतात. पुण्यास तिसऱ्या मजल्यावरील आमच्या बिऱ्हाडांतही ही जमीन सहा वर्षें बिनतक्रार आहे. तेव्हां मालवणांतही ती तशीच नांदेल असें मीं गृहीत धरिलें.

दुकानदारानें मला एकच प्रश्न विचारला होता, ‘खालीं काय आहे, आणि कोरडें आहे का?’ मीं छातीठोकपणें उत्तर दिलें, ‘कोबा आहे, आणि अगदीं खडखडीत कोरडा आहे.’ मीं तो डोळ्यांनीं पाहिला होता हें खरें. पण पाहिला होता मे महिन्यांत.

मे महिन्यांतच दोन दिवसांत काम झालें. कारागिरांनीं विचारलें, ‘खालीं प्लॅस्टिकचा कागद अंथरूं का?’ तो आणण्यांत आणखी एक दिवस गेला असता, म्हणून मीं म्हटलें, ‘राहूं द्या.’ ते भिंतीलगत बोटभर फट ठेवूं लागले. ती मला वाईट दिसली, म्हणून मीं पट्ट्या भिंतीला भिडवावयास सांगितल्या. त्या वेळीं वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘भावजी, श्रावणांत या पश्चिमेच्या भिंतीच्या बुडाला लोणा धरतो. ही ट्रंक मी दरवर्षीं विटांवर उचलून ठेवतें. एक पावसाळा जाऊं द्या, बघा, आणि मग करा.’ मीं हंसून म्हटलें, ‘वहिनी, आतां विटांची गरज पडणार नाहीं.’

जुलै महिन्यांत दादाचें छायाचित्र आलें. पट्ट्यांच्या कडा फुगून सांध्यासांध्याला वरंबे उठले होते. मीं तत्काळ फोन केला आणि वहिनींना म्हणालों, ‘ही जमीन बादलीभर पाण्यानें पुसावयाची नसते. कोब्यासारखी धुतलीत ना? वस्तु कितीही चांगली आणली तरी ती घरांत सांभाळतां आली पाहिजे.’ फोनवरचें बोलणें सर्वांना ऐकूं जाईल असें केलेलें होतें, हें मला मागाहून कळलें. दादा, आई, आणि पांच महिन्यांपूर्वीं घरांत आलेली त्यांची सून तेथेंच बसलीं होतीं. वहिनी एवढेंच म्हणाल्या, ‘बरें. आजपासून कोरड्या फडक्यानें पुशीन.’

त्यानंतर तीन आठवड्यांनीं, पहांटे देवघराकडे जातांना आईचा अंगठा अशाच एका उठलेल्या सांध्याला अडकला. ती हातावर पडली आणि मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे प्लास्टर सांगितलें. मी दुसऱ्या दिवशीं मालवणास पोंचलों. खरें सांगावयाचें तर मी आईला पाहावयास गेलों तसाच अपराधी शोधावयासही गेलों होतों.

आई निजल्यावर मी अनवाणी माजघरभर हिंडलों, आणि हिंडतां हिंडतां माझा निकाल मलाच डळमळीत वाटूं लागला. स्वयंपाकघरापासून ओटीपर्यंतची जी वाट वहिनी दिवसांतून दोनदां पुसत, तेथल्या पट्ट्यांच्या कडा जवळजवळ सरळ होत्या. सर्वांत अधिक फुगल्या होत्या त्या पश्चिमेच्या भिंतीलगतच्या आणि ट्रंकेखालच्या, म्हणजे जेथें फडकें पोंचणेंच शक्य नव्हतें. पाणी वरून आलें असतें तर खूण नेमकी उलटी दिसली असती. देवघराच्या दारापाशीं तर निराळाच प्रकार होता. तेथल्या पट्ट्या फुगल्या नव्हत्या. दोन पट्ट्या एकमेकींस रेटून तंबूसारख्या उभ्या राहिल्या होत्या. पायानें दाबलें तर खालीं जात आणि पाय उचलला कीं पुन्हां वर येत. आईचा पाय अडकला तो तेथेंच. दादा ओटीवरून पाहत होते. ते हळूच म्हणाले, ‘तुझा फोन आला त्या दिवसापासून तिनें पाण्याचा थेंबही लावलेला नाहीं. तरी फुगावयाचें कांहीं थांबलें नाहीं.’

दुसऱ्या दिवशीं गांवांतील एका वृद्ध सुतारांना बोलाविलें. त्यांनीं भिंतीलगतची पट्टी काढली. पट्ट्या भिंतीला इतक्या आवळून बसल्या होत्या कीं, मधें पोस्टकार्डही शिरलें नसतें. पहिल्या चार ओळी उचलतांच कुबट वास घरभर पसरला. खालचा फोमचा थर ओलाचिंब, त्यावर काळी बुरशी, आणि कोब्यावर पांढऱ्या लोण्याची नक्षी. सुतारांनीं कोब्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, ‘भाऊ, पावसात जमनीक घाम येता. तेका वाट व्हयी.’

तरीही माझा हट्ट पुरता गेला नव्हता. हवेंतली ओल असेल असें वाटत होतें. म्हणून एक परीक्षा केली. कोब्याचा एक तुकडा पुसून, पंखा लावून सुकविला. त्यावर दोन फुटांचा चौकोनी प्लॅस्टिकचा कागद पसरून चारी कडा चिकटपट्टीनें बंद केल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कागदाच्या आंतल्या बाजूला थेंब जमले होते आणि त्याखालचा कोबा काळवंडला होता. थेंब वरच्या बाजूस असते तर हवेचे म्हटले असते. ते आंत होते, म्हणजे जमिनीचे होते. वहिनींच्या बादलीचे तर नव्हतेच.

कारण आमच्या पायांखालींच होतें. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. फ्रान्सिस बुकॅनन यानें १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्याला ‘लॅटराइट’ हें नांव दिलें, तें विटेच्या लॅटिन नांवावरून. कारण खाणींतून काढतांना तो मऊ असतो, विटेसारखा कापतां येतो आणि हवेवर कठीण होतो. अशा चिऱ्यांच्या जोत्यावर आमचें घर उभें आहे, आणि ज्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी ३००० मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, व तोही बहुतेक चार महिन्यांत, त्या जिल्ह्यांत उभें आहे. दिव्याची वात जसें तेल ओढते तसें जोतें पाणी ओढतें. चाळीस वर्षें कोबा तें पाणी हळूहळू हवेंत सोडून देत होता. आम्ही त्यालाच जमीन गार लागते असें म्हणत होतों. मीं त्यावर झांकण घातलें. वाट बंद झाली तेव्हां पाणी पट्ट्यांत शिरलें.

देवघरापाशीं उठलेल्या तंबूचें कारणही माझ्याच सौंदर्यदृष्टींत होतें. लांकडाचे तंतु ओलसर हवेंत पसरतात. मीटरमागें सुमारें दीड मिलिमीटर जागा सोडावी असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे २० फुटांच्या लांबीला सुमारें ९ मिलिमीटर. ती फट मला वाईट दिसली होती. भिंतींनीं जागा दिली नाहीं, म्हणून पट्ट्यांनीं वर जागा शोधली.

दुकानदारानें विचारलें होतें, कारागिरांनीं विचारलें होतें, आणि वहिनींनीं तर न विचारतां सांगितलें होतें. तिघांनाही गप्प केलें तें मीं.

त्या रात्रीं सर्वजण जेवावयास बसल्यावर मीं म्हटलें, ‘वहिनी, जुलैंत मीं तुम्हांला सगळ्यांच्या देखत बोललों, म्हणून हेंही सगळ्यांच्या देखतच सांगतों. पाणी जमिनींतून आलें. चूक माझी होती, आणि आईच्या हाताचा दोषही माझाच.’ दादांनीं मान वर केली नाहीं. सून पाण्याचें तांब्याभांडें हातांत धरून उभी राहिली. वहिनी वाढीत होत्या. त्या थांबल्या आणि शांतपणें म्हणाल्या, ‘भावजी, पाण्याचा आळ आला त्याचें मला फारसें वाटलें नाहीं. पण या घरांत मी तीस वर्षें आहें. कोणत्या भिंतीला कोणत्या महिन्यांत ओल येते, कोणतें कौल कोणत्या वाऱ्याला सरकतें, हें मला पाठ आहे. मे महिन्यांत मीं तुम्हांला सांगितलें, तें तुम्हीं ऐकलेंत; पण तें कांहीं माहितीचें आहे असें तुम्हांला वाटलें नाहीं. तेवढें मनाला लागलें.’ आणि मग, ‘भात वाढूं का?’

यावर मीं काय बोलावें? मीं ताट पुढें केलें.

सबंध जमीन आम्हीं उचलली. ज्या पट्ट्या फुगल्या होत्या त्या टाकून द्याव्या लागल्या. तंतु एकदां पाणी पिऊन फुगले कीं वाळल्यावरही पूर्वस्थितीवर येत नाहींत. निम्म्याहून अधिक पट्ट्या धड होत्या. त्या वाळवून ठेवल्या आणि मार्गशीर्षांत माडीवरच्या खोलींत घातल्या. तेथें खालीं तक्तपोशी आहे, जमिनीची ओल पोंचत नाहीं. घालण्यापूर्वीं त्या दोन दिवस त्याच खोलींत पडूं दिल्या. चारी बाजूंना १० मिलिमीटर फट ठेविली, आणि ती झांकणारी पट्टी भिंतीला ठोकली, जमिनीला नव्हे. पुढचा पावसाळा त्या जमिनीनें नीट काढला.

माजघरांत पुन्हां कोबाच आहे. लोणा धुतला नाहीं, कारण धुतल्यानें तो विरघळून पुन्हां आंत शिरतो. कोरड्या ब्रशानें झाडून काढला. खरा उपाय मात्र घराबाहेर निघाला, आणि तो वहिनींनीं दाखविला. पश्चिमेच्या भिंतीशीं पागोळ्यांचें पाणी पडत होतें आणि तेथेंच मुरत होतें. तेथें जमिनीला उतार देऊन पाणी दूर नेणारा पाट काढला. गेल्या श्रावणांत त्या भिंतीला लोणा धरला तो वीतभर. पूर्वीं हातभर धरत असे.

ज्यांच्या घरीं अशी जमीन आहे किंवा करावयाचा विचार आहे त्यांच्या उपयोगासाठीं आम्हीं जें शिकलों तें थोडक्यांत सांगतों. एखाद्याच जागीं, मोरीच्या वा माठाच्या जवळ, कडा फुगल्या तर पाणी वरून सांडलें असें समजावें. सांडलेलें पाणी ताबडतोब टिपावें आणि फडकें घट्ट पिळून घ्यावें. भिंतीलगत किंवा जड सामानाखालीं कडा फुगल्या आणि कुबट वास आला तर ओल खालून आहे. तेथें पट्ट्या बदलून उपयोग नाहीं, आधीं ओलीचा बंदोबस्त पाहिजे. कडा धड असून जमीन मधेंच उचलली असेल तर भिंतीलगत व चौकटीपाशीं फट आहे कीं नाहीं तें पाहावें. पुष्कळदां कडेची पट्टी काढून थोडें कापलें कीं जमीन आपोआप बसते. चालतांना पोकळ आवाज येत असेल वा जमीन दबत असेल तर खालची जमीन सपाट नाहीं. दोन मीटरांत ३ मिलिमीटरांहून अधिक उंचसखल असूं नये. कोरड्या दिवसांत सांध्यांत बारीक फटी पडल्या तर घाबरूं नये, त्या बहुधा पावसाळ्यांत मिटतात. आणि जमिनीलगतच्या मजल्यावर कांहींही घालण्यापूर्वीं प्लॅस्टिकच्या कागदाची परीक्षा करावी, आणि ती मे महिन्यांत न करतां श्रावणांत करावी. पट्ट्यांखालीं जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरणें हा नियमच आहे. पण आमच्यासारख्या जुन्या चिरेबंदी घरांत तेवढ्यानें भागेल असें मानूं नये. जमिनीवर अडलेली ओल भिंतींत वाट काढते.

आईच्या पायांच्या गारठ्याचा प्रश्न शिल्लकच होता. तो वहिनींनीं एका दुपारीं सोडविला. आईच्या बसण्याच्या जागीं चटई, तिच्यावर घोंगडी, आणि दर दोन दिवसांनीं दोन्ही उचलून वाऱ्यावर टाकावयाचीं. प्लास्टर निघाल्यावर आई त्या घोंगडीवर बसून पुन्हां वाती वळूं लागली. मी निघण्याच्या दिवशीं तिच्या पायां पडलों तेव्हां ती म्हणाली, ‘अरे, मी जमीन गार लागते म्हटलें. जमीन बदल असें कोठें म्हटलें होतें? मोजे पाठवले असतेस तरी भागलें असतें.’

यंदा मे महिन्यांत गेलों तेव्हां मोजे नेले. त्याच मुक्कामांत स्वयंपाकघराच्या ओट्यावर कोणता दगड घालावा याची चर्चा निघाली. माझ्या मनांत एक सुंदर गुळगुळीत प्रकार होता, आणि तो सांगण्यासाठीं मीं तोंड उघडलेंही होतें. मग तें मिटलें आणि विचारलें, ‘वहिनी, तुम्हांला काय वाटतें?’

त्यांनीं सांगितलें, आणि तसेंच करण्यांत आलें.